जुन्या ऑक्टेव्हियाला कंपनीचेच मोठे ब्रेक बसवताना नेमकं काय बदलतं

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरत होतो, आंबेनळी घाट, मागे आई-बाबा, डिकी गच्च भरलेली, गाडी मी चालवत होते आणि प्रतापगडाचा फाटा मागे टाकल्यावर एका वळणाच्या आधी ब्रेक दाबला तर पेडल नेहमीपेक्षा बरंच खाली गेलं. परत दाबलं, अजून खाली. स्पंजवर पाय ठेवल्यासारखं. दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूला गाडी टेकवली. चाकांतून जळका वास येत होता. अर्धा तास थांबलो आणि मग पेडल असं वर आलं जणू काही झालंच नव्हतं. आईला मी तेव्हा काहीच सांगितलं नाही.

गाडी २००६ ची ऑक्टेव्हिया डिझेल. घरी आल्यावर ज्याला त्याला विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर, मोठे ब्रेक टाक, आरएसचे (ऑक्टेव्हियाच्याच वेगवान मॉडेलचे) टाक, ऑडीचे टाक. शेवटी टाकले पण. पण त्याआधी जे वाचलं, मोजलं आणि मेकॅनिकच्या शेजारी बसून बघितलं त्यातून कळलं की मोठे ब्रेक एक काम फार छान करतात आणि लोकांना वाटतं ते दुसरं काम जवळजवळ करतच नाहीत. हा फरक नीट कळला की पैसे कुठे घालायचे ते आपोआप कळतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधी ब्रेक म्हणजे काय ते बघू. ब्रेक गाडीचा वेग खातो आणि त्याची उष्णता करतो, बाकी काही नाही. माणसांसकट १४०० किलोची गाडी १०० च्या स्पीडला असेल तर तिच्यात साधारण ५४० किलोज्यूल ऊर्जा असते. एवढ्या उष्णतेत पावणेदोन लिटर गार पाणी उकळीला येईल. गॅसवर त्याला किती मिनिटं लागतात ते घरात सगळ्यांना माहितीय, आणि इथे ती सगळी उष्णता तीन-साडेतीन सेकंदांत चार लोखंडी चकत्यांमध्ये, म्हणजे डिस्कमध्ये, जाते. शिवाय ही ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ५० च्या स्पीडला तिचा फक्त पाव हिस्सा असतो, त्यामुळे शहरात वर्षानुवर्षं चांगला वाटणारा ब्रेक हायवेवर किंवा घाटात अचानक कमी पडू शकतो.

आता घाटाचा हिशोब करा. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १३५० मीटरच्या आसपास आणि पोलादपूर पार खाली, म्हणजे बाराशे मीटरहून जास्त उतार. तेवढी उंची १४०० किलोची गाडी उतरते तेव्हा जी ऊर्जा सुटते ती १०० च्या स्पीडवरून गाडी तीस वेळा पूर्ण थांबवण्याइतकी होते. त्यातली बरीच इंजिन आणि हवा खातात, जर तुम्ही खालच्या गिअरमध्ये असाल तर. मी तेव्हा चौथ्यात होते. म्हणजे इंजिन जवळजवळ काहीच खात नव्हतं आणि सगळा भार ब्रेकवर.

पेडल खाली का गेलं हे समजून घेणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण ब्रेक तापून दोन वेगवेगळ्या प्रकारे दगा देतो आणि दोन्हीचे उपाय वेगळे. एक म्हणजे पॅड, म्हणजे डिस्कला दाबून घासणारा तुकडा, त्याच्या सोसण्यापलीकडे तापतो आणि त्याची पकड जाते. तेव्हा पेडल कडकच लागतं, पाय जोरात दाबता, पण गाडी सरकतच राहते. दुसरा प्रकार म्हणजे ब्रेक ऑइल उकळतं. ते आपल्या पायाचा दाब कॅलिपरपर्यंत, म्हणजे पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागापर्यंत, नेतं कारण द्रव दाबला तरी आकसत नाही, पण उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पाय बुडबुडेच दाबत बसतो आणि पेडल खाली जातं. माझं तेच झालं होतं. आपण ऑइल म्हणतो पण ते तेल नसतं, ग्लायकॉलच्या जातीचं द्रव असतं आणि ते हवेतला ओलावा शोषत राहतं. डॉट ४ चं ताजं ऑइल कमीत कमी २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे, आणि त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ वर येते. पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडे हवा किती ओली असते ते काय सांगायचं. दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं, माझ्या गाडीत चार वर्षांचं होतं. चूक माझीच, गाडीची काही नाही.

म्हणून पहिलं काम, नवीन डॉट ४. डॉट ५.१ पण चालतं, त्याचा उत्कलनबिंदू अजून वर. पण डॉट ५ म्हणजे सिलिकॉनवालं, आकडा शेजारचा दिसतो म्हणून ते घालू नका, ते यात मिसळत नाही. दुसरं काम म्हणजे चारही चाकांचे रबरी ब्रेक पाइप, कारण पंधरा-वीस वर्षांचं रबर आतून फुगतं, दाब दिला की पाइपच फुगतो आणि पेडल मऊ लागतं. तिसरं, चांगल्या कंपनीचे पॅड. आणि चौथं टायर. टायरचं नाव ब्रेकच्या गप्पांमध्ये कोणी काढत नाही पण गाडी रस्त्यावर शेवटी टायर थांबवतो, डिस्क फक्त चाक थांबवते.

हा मुद्दा जरा थांबून समजून घ्या कारण सगळा गोंधळ इथेच आहे. कोरड्या चांगल्या रस्त्यावर १०० च्या स्पीडवरून टायर जेवढी पकड देतो त्यात गाडी साधारण ४० ते ४५ मीटरमध्ये थांबते. तुमचे आत्ताचे ब्रेक जोरात दाबल्यावर एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) खडखडत असेल, म्हणजे ब्रेक चाक लॉक करण्याइतके ताकदवान आहेतच, एबीएस उलट त्यांना आवरतोय. मग तिथे दुप्पट मोठी डिस्क लावली तरी पहिल्या वेळी गाडी त्याच ४० मीटरमध्ये थांबणार. मोठ्या डिस्कचा फायदा पाचव्या, आठव्या, पंधराव्या वेळी दिसतो, जेव्हा छोटी डिस्क तापून थकलेली असते आणि मोठी अजून तशीच चावत असते. रोज घर ते ऑफिस करणाऱ्याने यावर खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, टायर घ्यावेत. घाटात राहणारा, भरलेल्या गाडीने वारंवार कोकणात उतरणारा, किंवा इंजिनची ताकद वाढवून घेतलेला माणूस, त्याच्यासाठी हा खर्च खरा उपयोगाचा.

आता मोठी डिस्क नेमकं काय करते. दोन गोष्टी. पहिली म्हणजे लांब दांडी. घट्ट झाकण उघडताना किंवा नट सोडवताना आपण लांब पाना घेतो ना, तसंच पॅड चाकाच्या मध्यापासून जेवढा लांब तेवढा त्याच दाबात जास्त पीळ मिळतो. पॅडची उंची ५० मिमी धरली तर २८० मिमीच्या डिस्कवर पॅडचा मध्य ११५ मिमीवर येतो आणि ३१२ मिमीच्या डिस्कवर १३१ वर. म्हणजे त्याच पायाच्या जोरात साधारण १४ टक्के जास्त ब्रेक. २८० वरून २८८ केलं तर मात्र जेमतेम साडेतीन टक्के, पायाला कळणारही नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे लोखंडाचं वजन. समजा १०० च्या स्पीडवरून थांबताना ७० टक्के काम पुढचे ब्रेक करतात, तर एकेका डिस्कच्या वाट्याला १९० किलोज्यूलच्या आसपास येतात. ६ किलोची डिस्क तेवढ्यात साधारण ७० अंशांनी तापेल, ८ किलोची ५० अंशांनी. एका वेळेला काही नाही, पण घाटात गार व्हायला वेळच मिळत नाही तेव्हा हे अंश एकावर एक चढत जातात आणि पॅडमधून, पिस्टनमधून शेवटी त्या ऑइलपर्यंत पोचतात. शिवाय जाड डिस्कच्या पोटात हवा जायला मोठी खाच मिळते, ती गारही लवकर होते.

आता ऑक्टेव्हियाच्या नातेवाइकांकडे येऊ, कारण कंपनीचे मोठे पार्ट मिळतात ते तिथून. जुनी ऑक्टेव्हिया १९९६ ची, आणि आपल्याकडे २००१ पासून औरंगाबादजवळ शेंद्र्याच्या कारखान्यात तिची जुळणी झाली. मागचं दार काचेसकट वर उघडतं त्यामुळे काटेकोर बघितलं तर ती सेडान नाही, पण आपण सगळे तिला सेडानच म्हणतो. हिचा सांगाडा म्हणजे प्लॅटफॉर्म फोक्सवॅगनच्या चौथ्या पिढीच्या गोल्फचा, आणि त्याच सांगाड्यावर तेव्हाची जेट्टा, न्यू बीटल, पहिली ऑडी ए३ आणि पहिली ऑडी टीटी. टीटी ही वेगवान गाडी असल्यामुळे तिला मोठे ब्रेक दिले, तेच युरोपातल्या १८० हॉर्सपॉवरच्या ऑक्टेव्हिया आरएसला दिले. म्हणजे एकाच घरातली थोरल्याची चप्पल धाकट्याला बसावी तसा प्रकार आहे, पायाचा आकार मुळात एकच.

या घराण्यात पुढच्या डिस्क मुख्यतः चार मापांत येतात, २५६, २८०, २८८ आणि ३१२ मिमी. २८० वाली २२ मिमी जाड, २८८ आणि ३१२ दोन्ही २५ मिमी जाड. तुमच्या गाडीला कुठली आहे ते मॉडेलच्या नावावरून ठरवू नका, चाक काढा आणि टेपने मोजा. दोन मिनिटांचं काम आहे. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात कोडचं एक स्टिकर असतं त्यावरूनही कळतं, पण वीस वर्षांत मध्ये कोणी काय बदललंय सांगता येत नाही म्हणून टेपच बरी.

इथे मेख आहे. २८८ आणि ३१२ मध्ये कॅलिपर तोच, ५४ मिमीच्या पिस्टनचा. फक्त त्याला धरणारी लोखंडी कमान, जिला कॅरिअर म्हणतात, ती ३१२ साठी थोडी लांब असते. म्हणून ज्याच्याकडे आधीच २८८ आहे त्याच्यासाठी हा सगळ्यात सोपा बदल, टीटीचे किंवा आरएसचे कॅरिअर, ३१२ च्या डिस्क, नवे पॅड, झालं. पण २५६ आणि २८० वाल्यांचा कॅलिपर वेगळ्या जातीचा, त्याला वेगळी कमानच नसते, तो थेट नकलच्या कानांवर सरकतो. नकल म्हणजे ज्यात चाकाचं बेअरिंग बसतं तो मोठा बीडाचा तुकडा. त्यामुळे २८० वरून ३१२ ला जायचं तर नकलही बदलावे लागतात, म्हणजे बेअरिंग प्रेसवर बसवणं आलं, बॉल जॉइंट सोडणं आलं आणि नंतर व्हील अलाइनमेंट आलं. माझी २८० निघाली. एका गॅरेजवाल्याने मला नुसत्या डिस्क आणि कॅरिअर घेऊन या असं सांगितलं होतं आणि मी ऐकलं असतं तर ते कॅरिअर बोल्ट करायला जागाच सापडली नसती.

दुसरी मेख, नंतरची ऑक्टेव्हिया जी आपल्याकडे लॉरा नावाने आली. तिलाही ३१२ ची डिस्क होती, जाडीही २५, दुकानदार मनापासून म्हणतो ऑक्टेव्हियाचीच आहे. पण जुन्या ऑक्टेव्हियाचे चाकाचे पाच बोल्ट १०० मिमीच्या वर्तुळावर आहेत आणि लॉराचे ११२ मिमीच्या. बसणारच नाही. डिस्क विकत घेताना आपली जुनी बरोबर नेऊन भोकांवर भोकं ठेवून बघा.

जुने पार्ट घ्यावेत का, तर कॅरिअर आणि नकल घ्यावेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा तुमच्या शहरातल्या भंगार बाजारात शोधले तर मिळतात, त्यात झिजण्यासारखं फारसं नसतं, तडा गेलेला नाही ना आणि पिना जातात ती भोकं गंजलेली नाहीत ना एवढं बघायचं. कॅलिपर जुना घेतला तर सीलचं किट टाकूनच बसवायचा. डिस्क आणि पॅड मात्र कधीही जुने घेऊ नका, आणि स्वस्तात डुप्लिकेट तर अजिबात नको, याबाबतीत मी फार हट्टी आहे.

आणखी एक गोष्ट म्हणजे चाकं. २८८ ची डिस्क १५ इंची चाकात मावते, ३१२ ला १६ इंच लागतं, आणि १६ मध्येही काही अलॉय आतून अशा जाड असतात की कॅलिपरला घासतात, म्हणून आधी चाक लावून हाताने फिरवून बघायचं. टायर १९५/६५ आर१५ असेल तर २०५/५५ आर१६ घ्या, दोन्हीच्या बाहेरच्या व्यासात तीन मिमीचासुद्धा फरक नाही त्यामुळे स्पीडोमीटर फसत नाही. आणि स्टेपनी! सगळे विसरतात. चार चाकं १६ ची झाली आणि डिकीत १५ ची स्टेपनी तशीच राहिली तर रात्री पुढचं चाक पंक्चर झाल्यावर ती डिस्कवर चढणारच नाही. डिस्कच्या मागचा पातळ पत्राही छोटा पडतो, तो मोठ्या मापाचा घ्यायचा किंवा कापून घ्यायचा.

आता कोणी म्हणेल एवढं करण्यापेक्षा बाहेरच्या ब्रँडचा सहा पिस्टनचा किट का नको. दिसायला सुंदर असतात, खरंच. पण ब्रेकमध्ये पेडलने चालणारा मास्टर सिलिंडर जेवढं ऑइल ढकलतो आणि कॅलिपरच्या पिस्टनना जेवढं लागतं याचं एक गणित असतं. पिस्टन ५४ चा ५७ केला तरी क्षेत्रफळ ११ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे तेवढं जास्त ऑइल लागतं आणि पेडल जास्त खाली जातं. कंपनीच्या ३१२ मध्ये पिस्टन तोच ५४ राहतो म्हणून पेडल होतं तिथेच राहतं. पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणीही फार बिघडत नाही, समजा ७०:३० होती तर पुढे १४ टक्के वाढून ती ७३:२७ च्या आसपास जाते, आणि पुढचं थोडं जास्त असणं सुरक्षित बाजूचं आहे. उलटं मात्र कधी करू नका. फक्त मागचे ब्रेक मोठे केले आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी गरकन फिरते.

मागच्या चाकांना हात लावणारच असाल तर एवढं लक्षात ठेवा, मागच्या डिस्कच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेकची यंत्रणा असते, त्यामुळे नवे पॅड घालताना तो पिस्टन दाबत दाबत फिरवून आत न्यायचा असतो, त्याचं हत्यार मिळतं. सरळ शिकंजा लावून दाबला तर कॅलिपर आतून मोडतो. पुढचा मात्र सरळ दाबूनच जातो.

प्रत्यक्ष काम एक दिवसाचं, नकल असतील तर दोन. मेकॅनिक अनुभवी घ्या आणि टॉर्क रेंच असलेला घ्या, कॅरिअरचे बोल्ट अंदाजाने आवळायची गोष्ट नाही आणि ते नवेच टाकावेत. चाकाचे बोल्ट या गाडीला १२० न्यूटन मीटर. डिस्क बसवण्याआधी हबच्या, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागाच्या, तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढा, गंजाचा पापुद्रा मध्ये राहिला तर डिस्क किंचित तिरकी बसते आणि काही हजार किलोमीटरनंतर स्टिअरिंग थरथरायला लागतं. नवीन डिस्कला संरक्षक तेल असतं, ते ब्रेक क्लीनरने पुसून काढा.

ब्रेक ऑइलच्या पाइपमधली हवा काढताना एकजण पेडलवर आणि एकजण चाकाशी, दाब, धर, सोड, हे सगळ्यांना माहितीय. पण जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत दाबू नका, पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मास्टर सिलिंडरचं सील वीस वर्षं एका ठरावीक पट्ट्यातच हललेलं असतं, त्यापलीकडचा भाग गंजलेला असू शकतो आणि सील तिथे गेलं की फाटतं. बऱ्याच जणांचा मास्टर सिलिंडर हवा काढल्यानंतर आठवड्यात जातो तो यामुळे.

मग नवे पॅड बसवणं, म्हणजे रमवणं. मोकळ्या रस्त्यावर ६० च्या स्पीडवरून १५-२० पर्यंत मध्यम जोराने आणायची, पूर्ण थांबवायची नाही, परत ६०, असं आठ-दहा वेळा, आणि मग ब्रेक न लावता काही किलोमीटर चालवून गार होऊ द्यायचं. यात पॅडचा पातळ थर डिस्कवर एकसारखा चढतो, पकड त्यामुळेच येते. तापलेली असताना पेडल दाबून सिग्नलला उभे राहिलात तर पॅडचा ठसा एकाच जागी उमटतो, आणि मग जी थरथर येते तिला लोक डिस्क वाकली म्हणतात. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते.

मी हे सगळं एकदम केलं नाही. आधी ऑइल, पाइप आणि पॅड बदलले आणि तोच घाट उतरले, तिसऱ्या-दुसऱ्या गिअरमध्ये. पेडल शेवटपर्यंत वर राहिलं, फक्त पोलादपूर जवळ आलं तसा थोडा वास आला. तिथे थांबले असते तरी चाललं असतं, खरंच. पुढे आठ महिन्यांनी टायर संपले, तसेही नवे घ्यायचेच होते, तेव्हा १६ ची चाकं, नकल आणि ३१२ असं एका झटक्यात केलं, स्टेपनीसकट.

त्यानंतर पुन्हा आंबेनळी उतरून पोलादपूरला चहाला थांबलो तेव्हा चारही चाकांजवळ, टेकवायचा नाही, नुसता हात नेऊन बघितला. पुढचं उजवं डाव्यापेक्षा स्पष्ट जास्त गरम होतं. घरी येऊन उघडलं तर त्या बाजूच्या कॅलिपरची सरकपिन कोरडी पडली होती, पॅड पूर्ण सुटत नव्हता आणि चाक सतत किंचित घासत होतं. पिन साफ करून ब्रेकचं खास ग्रीस लावलं, साधं नाही, साधं तापलं की रबर फुगवतं. तेव्हापासून प्रत्येक मोठ्या घाटानंतर हात नेऊन बघते.